मागची पानं

लसीकरणाच्या वहीची मागची पानं कोरी राहतात.
तिथं मी साप लिहिते.

उपकेंद्र ते कोल्हेवस्ती, पाऊण तासाची पायवाट.
खांद्याला लशीचा डबा, आत बर्फाच्या पिशव्यांची खळखळ,
दोहों अंगांनी कुसळी, बोरी, तरवड,
आणि धारूरच्या डोंगरानं खाली सोडून दिलेले दगड.

बारा सप्टेंबर. बांधावर. हात-सव्वा हात, हिरवा, खरबरीत.
मान चपटी केली तेव्हा वाटलं नाग.
गवत्या. नुसता आव.

पाच ऑक्टोबर. पुलाच्या नळीत दिवड.
बेडूक अर्धा आत,
अर्धा अजून हरकत घेत होता.

अकरा ऑक्टोबर. मारलेला. चौकात काठीवर टांगून.
सगळे म्हणाले मण्यार.
पट्टे थेट मानेपासून, शेपटीकडे विरत गेलेले.
कवड्या, मी म्हणाले.
बरं, म्हणाले, आणि काठी दुसऱ्या पोराच्या हातात गेली.

मैनोद्दीनभाई विहिरींचा गाळ काढतात.
कधीमधी वाटेत भेटतात, ओढ्यापर्यंत सोबत येतात.
"शिस्टर, रंगावर कशाला जाता?
चाल बगा.
धामण निघाली की तिचं ठरलेलं असतंय कुठं जायचं ते.
घोणस बसून राहती,
जेवल्याबिगर न उठणाऱ्या पाव्हण्यावानी.
अन् फुरसं तर आधी करवत घासून दाखवतंय,
मग तुमचं तुमी ठरवा."
हे सगळं मी लिहून घेतलं. करवत शब्दाखाली रेघ ओढली.

वस्तीवर मात्र दिवस मावळला की नावं बंद.
जनावर म्हणायचं. लांबडं म्हणायचं.
आणि चावला असं कुणी म्हणतच नाही :
पान लागलं.
जसं काही झाडावरून गळून
सहज पायाला चिकटलं.

आईला पान लागलं तेव्हा मी सातवीत होते.
भुईवर अंथरूण, मध्यरात्र, कुणाला काही कळलं नाही.
पहाटे पोटात कळ आली, ओवा दिला.
सूज नव्हती.
मग पापण्या उचलेनात.
केजच्या दवाखान्यात विचारलं, कोणता साप?
जीपमधले सहाही जण म्हणाले, लांबडं.

पुढं नर्सिंगला शिकले
की नाग, मण्यार, घोणस, फुरसं,
चौघांवर बाटली एकच.
नाव सांगितलं असतं तरी
तीच सुई, तीच उशिराची वेळ.
आता मीच सभेत ओरडून सांगते :
साप शोधत बसू नका, मारून आणू नका, गाडी बघा.

आणि तरी लिहिते.

मागच्या शुक्रवारी क्वार्टरच्या दारात,
चौकटीच्या फटीत अडकलेली कात.
कातीला रंग नसतो.
पट्टे, ठिपके, सगळं मालक घेऊन गेलेला.
मी ती उन्हात ताणून धरली.
पाठीच्या मधोमध एक ओळ,
खवले बाकीच्यांहून मोठे, सहा कोनांचे,
मोहोळाच्या घरांसारखे, एकाखाली एक, शेवटपर्यंत.
चहा गार झाला.

लिहिलं : मण्यार. पाहिली नाही.
एक ओळ सोडून
तेवीस वर्षांपूर्वीची तारीख टाकली,
आणि पुन्हा तेच दोन शब्द, तोच पूर्णविराम.

रात्री खाट भिंतीपासून हातभर ओढली,
मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी खोचली,
दिवा घालवल्यावर नाव घेतलं. मोठ्यानं.
काही झालं नाही. पाल बोलली.

सोमवारी मैनोद्दीनभाईंनी कात बोटांवरून फिरवली,
मान हलवली. "हीच."
मग जरा लाजून विचारलं,
नातीच्या पेटीत ठेवायला नेऊ का,
पैसा टिकतो म्हणतात.
कागदात गुंडाळून दिली.

डबा उचलला.
कोल्हेवस्तीत चार पोरं राहिली होती.