मीठ

डॉल्फसनं गाडी वर उचलली, खालून
स्क्रूड्रायव्हर टेकवला, नुसता टेकवला,
तो मुठीपर्यंत आत गेला.
"इओना," म्हणाला, आणि पुढे बोललाच नाही.

केप ब्रेटनच्या रस्त्यांवर
नोव्हेंबर ते एप्रिल मीठच मीठ.
सतरा हिवाळे हिनं ते खाल्लं
आणि खाल्ल्या मिठाला जागली.
पहाटे चारच्या पाळीला वृद्धाश्रमात पोचवलं,
अडली एकदाच, तीही परतताना,
घराच्या उतारावर.

ऑइल फिल्टरच्या खोक्यावर त्यानं आकडा लिहिला:
एकोणीसशे डॉलर. वेल्डिंग, ब्रेकच्या नळ्या.
"किती टिकेल?"
"एक हिवाळा. दीड म्हणू नकोस."

सिडनीच्या शोरूममधला पोरगा व्याज म्हणत नाही,
"महिन्याला फक्त" म्हणतो.
चौऱ्याऐंशी महिने फक्त.
तोवर कॅलमला मिसरूड फुटेल,
तो किल्ली मागेल,
माझे गुडघे आईचे झालेले असतील,
आणि त्या नव्या, निळ्या, तापत्या सीटांच्या गाडीच्याही
पोटाखाली मीठ पोचलेलं असेल.
हप्ते मात्र गंजत नाहीत.

आज पतपेढीसमोर गाडीतच बसलेय.
काचेआडून मॅनेजरबाई हात करते, ये.
कागद तयार आहेत.
पण इंजिन बंद केलं तर
ही पुन्हा सुरू होईलच असं नाही,
आणि चालू ठेवून आत जायचं
म्हणजे हिच्या पाठीमागे बोलल्यासारखं.

पेट्रोलचा काटा पावाच्या खाली आलाय.
हीटर फक्त माझ्या बाजूचा चालतो.
चालतो मात्र.