प्रश्न पाचवा, गुण वीस

यार्डातले सौदे उरकले की
मी नळावर कोपरापर्यंत हात धुतो.
पिवळं राहतंच.
मकासरेबाईंनी दिलेल्या झेरॉक्सवर
दुसऱ्या शतकापासून चौथ्यापर्यंत
माझ्या बोटांचे डाग आहेत.

मंगळवार, शुक्रवार, साडेसात ते नऊ,
सांगलीत, देवळाच्या मागच्या खोलीत
आम्ही पाच जण मंडळीचा इतिहास शिकतो:
मिरजेच्या दोन नर्सा, एक रिटायर कंडक्टर,
पाळकांचा धाकटा, जो मोबाइल बघतो,
आणि मी, अमोस लोखंडे, हमाल, वय सत्तेचाळीस,
दहावी दुसऱ्या खेपेला.

रोमच्या भुयारांचा धडा सोपा गेला.
हरिपूरच्या पेवात मी पोरवयात उतरलोय.
आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं.
बाई म्हणाल्या, ते आपली माणसं तिथं पुरत,
त्यांच्याजवळ बसून भाकर मोडत.
मी विचारलं, आधी कंदील कोण सोडायचं?
नोट्समध्ये नव्हतं.

निकियाची परिषद मात्र डोक्यावरून गेली.
पुत्र पित्यासारखा, की पित्याशी एकच,
ग्रीकमध्ये म्हणे एका अक्षराचा फरक,
तेही उभ्या काडीएवढं.
त्यापायी पन्नास-साठ वर्षं भांडण,
बिशप हद्दपार, परत, पुन्हा हद्दपार.
कंडक्टर हसले.
मी नाही हसलो.
तोलपावतीवर टिंब एक घर सरकलं
की साडेबारा क्विंटलची सव्वा क्विंटल होते,
आणि मुधोळहून आलेला माणूस
अडत्याच्या पायरीवरून उठत नाही.

आणि तिथं जमलेले ते म्हातारे,
एकाचा डोळा छळात फोडलेला,
एकाच्या गुडघ्यामागची शीर तोडलेली,
एकाची बोटं डागून आखडलेली,
त्यांना बाईंनी दोन वाक्यांत आटोपलं.
मी तिथंच अडकलो.
अशी ढोपरं घेऊन इतक्या लांब
काडीएवढ्या अक्षरासाठी कोण येतं?

दस्तगीर शिकलगार माझ्या जोडीचा.
वीस वर्षं एका पोत्याची दोन टोकं आम्ही.
म्हणाला, तीन कसे एक, तेवढं सांग, चहा माझा.
मी म्हणालो, पाणी, बर्फ, वाफ.
तो विचारात पडला. चहा पाजला.
तेच मी वहीत लिहिलं, फुशारकीनं.
खाली बाईंचा लाल पेन:
हे पाखंड आहे. तिसरं शतक. पुन्हा वाचा.
दस्तगीरला सांगितलं तर तो इतका हसला
की पोतं खाली ठेवावं लागलं.
चहाचे पैसे परत दे म्हणाला.

काल पेपर झाला.
प्रश्न पाचवा, गुण वीस:
तुमच्या विश्वासाचं समर्थन करा.
आदिकारण, रिकामी कबर, साक्षीदार किती,
पाठ होतं सगळं.
लिहायला बसलो आणि भलतंच आलं.

एकोणीसच्या पुरात बाप्तिस्म्यांचं रजिस्टर
सहा दिवस पाण्याखाली होतं.
आम्ही गच्चीवर एकेक पान वाळवलं.
नावं गेली, तारखा गेल्या,
पाळकसाहेबांची वळणदार सही
निळा ओघळ झालेली.
माझ्या आज्ज्याचा अंगठा तेवढा तसाच,
छापखान्याच्या शाईचा, काळा, रेघांसकट.
त्याला लिहिता येत नव्हतं.

तो त्या रांगेत का उभा राहिला,
पाण्यासाठी, शाळेसाठी,
की खरोखर कुणी हाक मारली त्याला,
मला ठाऊक नाही. आम्ही कुणी विचारलं नाही.
हेही लिहिलं.
हे समर्थन नव्हे, एवढं मला कळतं,
बाईंचा पेन कुठं थांबेल तेही.

घंटा झाली.
पेपर देताना कोपऱ्यावर पिवळं दिसलं.
पुसायला गेलो तर
आणखी पसरलं.