आगामी प्रयोग

तीन महिन्यांच्या तारखा ठरल्या की
अभ्यंकरबाईंचा फोन येतो, नाखवा, ब्रश घेऊन या.
मासुंद्यातल्या बोटी तेव्हा अजून बांधलेल्याच असतात.
रंगायतनाच्या पायरीवर मी फळा आडवा करतो
आणि मागचा हंगाम काळ्या रंगाखाली घालतो.

फ्लेक्स आहेतच. त्यांवर नट सगळे दात दाखवतात.
पण बाई म्हणतात, फळा पाहिजे,
हातानं लिहिलेली तारीख लोकांना खरी वाटते.

नाटक मी पाहिलेलं नव्हतं, एकही.
नाटकाच्या वेळेला आमचा बाजार असतो,
बायको म्हावरं कापते, मी सुटे पैसे देतो.
मला नाटकं कळतात ती अक्षरांवरून.
'कुकरच्या तीन शिट्ट्या' : सुटसुटीत, शनिवार-रविवार, चालणार.
'दोन वाजता दोघं' : दोन नट, एक सोफा, रंगही कमी लागतो.
'उंदीरमामाचं पासपोर्ट ऑफिस' : सुट्टीतले अकरा प्रयोग,
ओळीत मावेना, ऑफिस खाली उतरवलं.
आणि मग 'संगीत शृंगतीर्थ'.

शृं.
पोटात घेतलेला ऋ, डोक्यावर टिंब,
हात जरा कापला तर अक्षराचं गाठोडं होतं.
श्वास धरून लिहिलं.
मागे सरकून पाहिलं, पुढे येऊन पाहिलं, बोटीवाल्याला दाखवलं.
त्या खुशीत पुढचं हातानं आपोआप केलं :
दि. १७, रात्रौ ८.३०.

होती एकोणीस.

सतराला एकतीस माणसं आली.
कळव्याहून, माजिवड्याहून, रिक्षा करून,
इस्त्रीच्या घड्या न मोडता बसलेली माणसं.
एका आजोबांनी फळ्यापुढे उभं राहून
बाईंना सातावर बोट ठेवून दाखवलं.
मला बाजारातून बोलावणं गेलं.
साताचा नऊ करायला आलो,
हाताला बोंबलांचा वास, खिशात पांढऱ्या रंगाची डबी.

आत मंडळींची तालीम चालली होती.
बाई म्हणाल्या, आलात तर बसा आता.
तिकीट नाही, एसी नाही, खोकलायचं नाही.
मला म्हणाल्या, तुम्हीही बसा, तुमचीच करणी आहे.

राजा जीन्समध्ये होता.
राणीनं चहाचा कप सिंहासनावर ठेवला
आणि गायला लागली.
ऑर्गनची एक पट्टी खालीच राहायची,
वादक ती करंगळीनं वर काढायचा, गाणं न थांबवता.
राजा तिला सोडून निघाला.
विंगेत गेला.
आणि अंधारातून कुणी म्हणालं,
थांबा. परत घेऊ.

राजा परत आला. आपल्या जागी उभा राहिला.
पुन्हा निघाला. पुन्हा, थांबा, परत घेऊ.
चार वेळा सोडून गेला तो तिला
आणि चार वेळा, कुणी काही न बोलता,
परत आला.
माझ्या पुढच्या बाई पहिल्या खेपेला रडल्या.
तिसऱ्या खेपेला त्यांनी रुमाल आधीच काढून ठेवला.

साडेनऊला वॉचमन चाव्या वाजवायला लागला.
तिसरा अंक झालाच नाही.

एकोणीसला हाऊसफुल्ल लागला म्हणे.
बाईंनी पास ठेवला होता माझ्या नावाचा.
मी बाजारात होतो, पापलेटाचं गिऱ्हाईक होतं,
असं सांगितलं त्यांना. गिऱ्हाईक काही नव्हतं.
रात्री बायकोनं विचारलं, शेवटी काय होतं हो त्यात?
म्हटलं, राजा येतो परत.
ती म्हणाली, मग बरं आहे.

आता पुढचे तीन महिने आले.
सकाळी फळ्यावर काळ्याचा एक हात मारला,
सगळं बुजलं, कुकर, सोफा, उंदीरमामा,
शृं तेवढं खालून दिसत राहिलं.
बाई म्हणाल्या, नाखवा, दुसरा हात मारा.
म्हटलं, मारतो.
आधी हा वाळू दे.