साकु

वडगावात चाळीस वर्षं सूत रंगवलेल्या माणसाला
डॉक्टर हुक्केरी समजावत होते,
उद्या मनगटातून बारीक नळी घालायची
आणि काळजाच्या शिरांत रंग सोडायचा.

दादा उठूनच बसले.
कुठला? नीळ? पक्का की कच्चा?

तसा रंग नव्हे हो, पाण्यासारखाच असतो,
फक्त यंत्राला काळा दिसतो.

मग त्याला रंग कशाला म्हणता,
असं म्हणून माझ्याकडं बघितलं,
व्यापाऱ्यानं वजनात मारलं की बघायचे तसं.

केसपेपरवर: तम्माण्णा कोष्टी, वय एकाहत्तर,
क्रिएटिनिन एक पॉइंट सात.
साखरेची गोळी दोन दिवस बंद.
गुडघ्याची कायमची बंद,
ती मी त्यांच्या चंचीतून काढली, काताच्या खाली लपवलेली,
दहातल्या सहा संपलेल्या.
हौदात उभं राहून गेलेले गुडघे
गोळीनं उभे ठेवले,
उधारी मूत्रपिंडांच्या नावावर.

रात्रभर सलाईन. तासाला तीस मिली, वर एक थेंब नाही.
मूत्रपिंडं म्हणतात, घाला पाणी,
थकलेलं काळीज म्हणतं, मला पेलवत नाही,
आणि दोघांच्या भांडणात सिस्टर गौरव्वा
नळीचं चाक केसभर फिरवते,
थेंब मोजते, घड्याळ बघते.
नीरु कुडीरी, अज्जा. घोट घोट.

बाटलीतलं मोजून मी लिहायचं.
पहिल्यांदा आम्ही दोघंही भिंतीकडं बघत होतो.
लिहायला त्यांचीच जुनी वही,
वरच्या पानावर: लडी बारा, रंग तीन तोळे, पाणी नऊ घागरी.
खाली माझ्या अक्षरात:
रात्री अकरा, दोनशे. पहाटे तीन, एकशेऐंशी.

झोप कुठली. दादा बोलत होते.
रंग चढवायला अक्कल लागत नाही पोरी,
सोडवायला लागते.
लडी सात पाण्यांतून काढायची.
सातवं नितळ आलं तरच दोरीवर.
घाई केलास तर नेसणारीच्या पोटऱ्या जांभळ्या.

ती सात पाणी कुठं जायची, मी विचारलं नाही.
मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात.
शाळेतून येताना नाला बघून आम्ही सांगायचो
आज कुणाच्या घरात पोपटी, कुणाच्या घरात मोतिया.
नाला सगळं पोटात घ्यायचा.
तक्रार नाही, वास नाही, निदान आधी नाही.
एका वर्षी बेडूक ओरडायचे थांबले,
तेही आम्हाला दिवाळीत आठवलं.

दुसऱ्या दिवशी, काचेपलीकडं,
पडद्यावर काळं झाड उमटलं आणि विरलं.
पुन्हा उमटलं. एका फांदीला गाठ.
डॉक्टर पिचकारी चिमटीनं दाबत होते,
आई फोडणीत हिंग टाकायची तशी.
गाठ सुटली. फांदी खालपर्यंत भरली.
शेजारची पण अरुंद होती, मलासुद्धा दिसली.
पोरानं पुन्हा पिचकारी भरली, हात पुढं केला,
आणि डॉक्टर म्हणाले, साकु.

दुसरी पुढच्या महिन्यात. आज एवढाच रंग.
अठ्ठेचाळीस मिली. कटिंग चहाएवढासुद्धा नाही.

साकु.
ताटात भात पडताना दादा हात आडवा धरून म्हणायचे,
हौदात पुडी रिकामी करणाऱ्या पोराला म्हणायचे,
हा शब्द कुणाच्या भाषेतला
आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही.
गोळीला मात्र तो म्हणायचा राहिला.

तिसऱ्या दिवशी रक्त. एक पॉइंट नऊ.
थोडं चढलंय, डॉक्टर म्हणाले,
उतरेल बहुतेक. परवा परत बघू.
बहुतेक हा शब्द मी वहीत लिहिला नाही.

दादांनी बाटली मागितली.
खिडकीच्या उजेडात धरली, तिरपी केली,
एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं,
लडीचं सहावं पाणी बघावं तसं.

सुटत आलाय, म्हणाले.
अजून एक पाणी काढूया.