प्लेट झाडताना

अंपायर आला नाही.
साडेसहा वाजले, सरोवरावरचं धुकं चढत चढत
सेंटर फील्डपर्यंत आलं,
बंद खाणीचा मनोरा कमरेपर्यंत बुडाला,
आणि दोन्हीकडचे आईबाप माझ्याकडे बघू लागले,
घरातला नळ गळायला लागला की बघतात तसे.

मी प्लंबर. शिवाय प्लंबिंगवाल्यांचा कोच.
पोरांच्या पाठीवर माझ्याच दुकानाचा फोन नंबर.
समोर बेकरी. त्यांचा कोच म्हणाला,
"तूच उभा राहा, आर्विड. खोटं बोललास
तर तुझी बायको आम्हाला सांगेलच."
हशा. झाली नेमणूक.

रेनो कांगास कुंपणाशी, पिकअपच्या फळीवर बसून.
सव्वीस वर्षं वाकून वाकून
त्याने गावाच्या दोन पिढ्या बाद केल्या,
आता दोन्ही गुडघे धातूचे.
हाक मारून खिशातला ब्रश दिला,
मुठीएवढा, केस झिजलेले.
म्हणाला, झाडताना पाठ मैदानाकडे,
लोकांकडे ढुंगण करायचं नाही.
आणि पोराला लागलं, रडू आलं,
तर प्लेट झाड.
मळली नसली तरी झाड. सावकाश.

तिसऱ्या डावात बेकरीच्या सात नंबरला
बरगडीत चेंडू बसला. माझ्याच पिचरचा.
दोघंही रडायच्या बेतात, टाकणारा जास्त.
मी वाकलो. पांढऱ्या रबराचे पाचही कोपरे
झाडले, परत झाडले,
मागे कुणीतरी बाहीला नाक पुसलं,
मग मी उठलो.

बाकी नेहमीचंच.
नऊ वर्षांच्या पोराचा स्ट्राइक झोन
गुडघ्यापासून काखेपर्यंत,
डास वाढले की अजून थोडा.
चार बॉल झाले तर आमच्या लीगमध्ये
पोर फुकट चालत जात नाही,
त्याचाच कोच येऊन टाकतो.
म्हणजे चेंडू मीच टाकायचा
आणि बरा पडला का, तेही मीच सांगायचं.
लेफ्ट फील्डला ओस्करने ग्लोव्हमध्ये
पिवळी फुलं भरून ठेवली होती.
चेंडू तिकडे गेला तेव्हा त्याने आधी फुलं काढली,
एकेक.

शेवटची पाळी बेकरीची. धावा सारख्या, दोन बाद.
ट्रेवार्थांचा जोरी तिसऱ्या बेसवरून सुटला,
आणि माझी कॅचर आयली,
जिच्या डोक्यावर मास्क बादलीसारखा हलतो,
ती त्याच्यावर पडली.
धूळ. एक बूट हवेत.
आणि माझा हात, मला न विचारता, वर गेला.
आउट.

आमची पोरं नाचायला लागली.
आयली उठली. ग्लोव्हकडे बघत,
कप फुटल्याचं आईला सांगावं तसं, म्हणाली,
"नाही लागला."
फक्त मला ऐकू आलं.

मी ब्रश काढला.
प्लेट या वेळी खरंच धुळीने भरलेली,
तेवढं बरं झालं.
पाठ मैदानाकडे. म्हणजे तोंड लोकांकडे.
हे रेनोने सांगितलं नव्हतं.
बायको थर्मासचं झाकण उघडता उघडता थांबलेली.
पिचरचा बाप दोन्ही मुठी वर करून,
त्याच्या तळघरातलं काम अजून अर्धं आहे.
पहिला कोपरा. दुसरा.
तिसऱ्यावर एक खडा होता, नखाने काढला.
पाचापेक्षा जास्त कोपरे असते
तर बरं झालं असतं.

उभा राहिलो, दोन्ही हात आडवे पसरले.
सेफ.

पिचरच्या बापाच्या मुठी तशाच राहिल्या
आणि मग त्यांचं काय करावं ते त्याला कळेना.
माझी पोरं म्हणाली, "पण कोच!"
आणि बर्फाच्या कांड्यांचा डबा उघडल्यावर
तेही म्हणायची थांबली.
आयली मास्क न काढताच रांगेत उभी राहिली.

ब्रश परत द्यायला गेलो तर
पिकअपच्या जागी नुसतं दबलेलं गवत.

परतताना जोरी शेजारून चालत आला,
ओठ जांभळे, गुडघा सोललेला.
म्हणाला, "खरं सांगू?
मला ना, लागल्यासारखं वाटलं होतं."

मी म्हटलं, चोख ती कांडी.
वितळून कोपरापर्यंत आली बघ.