मान सरळ

दिवा घेतला तो आरशाच्या शोभेसाठी.
जाळ्यांना तरंगत ठेवणारा जुना काचगोळा, हिरवट,
अंगावर दोरीचे वळ तसेच.
आसलाउगनं त्याला वरून भोक पाडलं,
आत मूठभर माती, ओलं शेवाळ,
करंगळीएवढा एक नेचा,
आणि डोक्यावर टोपीसारखा बल्ब.
“आठवड्याला दोन चमचे पाणी. फार लाड नकोत.”

आमच्या वार्डे बेटावर नोव्हेंबर सरता सरता
सूर्य दुकान बंद करून जातो,
परत येण्याची तारीख दारावर लिहून.
मग दोन महिने गावभरच्या दाढ्या
मी विजेच्या भरवशावर करतो.
बाहेर वारा, बर्फ, बंदरातले पिवळे खांब.
आत नेच्याची सावली भिंतीवर,
कुणी हळूच कंगवा फिरवावा तशी.
गिऱ्हाइकं बघत बसत. गप्पा कमी झाल्या,
धंदा थोडा वाढला.

नाताळापर्यंत गोळा भरला.
पानावर पान, एक गुंडाळी सुटते तोवर दुसरी,
बल्बला थेट मिठी.
उरला तो उजेड नव्हे, उजेडाची निवळी.
ओड्वारच्या कानामागे वस्तरा लागला. थेंबभरच,
पण तो चार दिवस सांगत हिंडला.

दिवा कोटात गुंडाळून गेलो तिच्याकडे.
“तुझं झाड माझा उजेड खातं.”
“दुसरं काय खाईल? सुका कॉड?”
मग माझ्या खिशातल्या कात्रीकडे बोट:
“न्हावी ना तू?”
बिनपाण्यानं झाली माझी.

त्या रात्री दार लावून
त्याला खुर्चीत बसवलं, टोपी काढली.
टॉवेल नाही, बाकी सगळं रीतसर.
मागून बारीक, वरून जरा राखून.
सवयीनं तोंडातून गेलं, “मान सरळ.”
बल्ब लावला. उजेड पार भिंतीपर्यंत.
कापलेली पानं मी झाडून टाकली नाहीत.
का, ते विचारू नका.

जानेवारी अर्धा उलटल्यावर
समोरच्या गोदामाच्या छपरावर
एक लालसर चीर. मिनिटभर, फार तर दोन.
किल्ल्यावर तोफ उडाली, पोरांना शाळेतून सुट्टी.
पुढच्या आठवड्यात नेच्यानं
दोन महिने पोसणाऱ्या बल्बकडे पाठ फिरवली.
सगळी पानं खिडकीकडे.
कृतघ्न, म्हणालो, आणि गोळा फिरवून ठेवला.
तो पुन्हा तिकडेच.

आज ओड्वार आला. फेस लावला.
गाल अर्धा झाला असेल नसेल,
त्याची हनुवटी हळूहळू
खिडकीकडे वळत गेली.
मी वस्तरा वर धरून थांबलो,
काही न म्हणता.