काटा

जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या फाटकालगत
माझी केबिन. एक खिडकी, एक टेबलफॅन
आणि लाल आकड्यांची पाटी.
भरलेली गाडी आधी, रिकामी नंतर,
वजाबाकी तेवढी माझी.
सतरा वर्षं झाली.

रात्री दोन ते चार गाड्या कमी.
तेव्हा मोबाइलवर काहीबाही चालू असतं,
मोसंबीवरचा डिंक्या, बोअरच्या मोटारीची दुरुस्ती,
कुणाच्या तरी लग्नातली मारामारी.
त्यातच, मी काही शोधत नसताना, ती उभी राहिली.

काळा साधा ड्रेस, पायात चप्पल नाही.
मागं चाळीसेक माणसं व्हायोलिनं घेऊन
आणि बाजूला एकच तंबोरा.
खाली नाव : एस्तेर गायसमुद्रे. वय एकोणीस.
मी म्हटलं, आता ही ओरडणार.
तिनं मारव्यातला कोमल रिषभ धरला
नि धरूनच ठेवला,
भट्टीतून आलेली लाल कांब
आमचा लतीफ सांडशीत धरतो तसा,
घाई नाही, पण सुटला तर पाय जाईल.
मग त्या रिषभाखालून व्हायोलिनं निघाली
आणि ती कुठल्याशा परक्या भाषेत शिरली.
लॅटिन असेल. मला काय कळायलंय.
दार कधी उघडलं ते दिसलंच नाही,
श्वास तोच होता.

मारवा मला ठाऊक, कारण आमचे अण्णा
बँडात क्लॅरिनेट वाजवायचे.
लगीनसराई संपली की ओट्यावर बसून, दिवेलागणीला,
हाच एक राग.
'वरातीत चालत नाही हा,' म्हणायचे, 'नवरी रडती.'

मग मी तिच्यामागं लागलो, उलटा.
सतराव्या वर्षी नागपूरला, माईक खरखरतोय.
पंधराव्या वर्षी कुठल्या तरी चर्चमध्ये,
पडद्याआड स्टीलची ताटं मांडू लागलेत.
बारा वर्षांची, दोन वेण्या, मांडीवर तंबोऱ्याचं यंत्र,
गुरुजी दिसत नाहीत, नुसता त्यांचा हात,
हवेत वर जाणारा
आणि ती चुकली की तिथंच थांबणारा.
सगळ्यात जुन्यात ती आठची.
ओळ विसरते, हसते,
कुणीतरी मोठं माणूस खोकतं,
तर ती त्या खोकल्याचाच सूर उचलून पुढं गाऊ लागते.
तो मी अकरा वेळा पाहिला.
त्याच्या मागं काहीच नव्हतं.
आता पुढं जायचं तर तिनंच.

परवा गाडी नसताना मी स्वतः काट्यावर जाऊन उभा राहिलो.
सत्तर.
गाणं लावलं, पुरतं संपू दिलं.
सत्तर.
बरोबरच आहे.
दहा किलोच्या आतलं आमचा काटा धरत नाही.

काल पहाटे न्हावाशेव्याहून भंगाराची गाडी आली.
गुरमेज नावाचा ड्रायव्हर, डोळे तांबारलेले,
खिडकीत हात घालून, 'जल्दी करो बाबूजी, पर्ची.'
माझा मोबाइल टेबलावर चालू होता.
त्यानं हात मागं घेतला नाही.
कोपरं टेकवली चौकटीवर.
'ये कौन है?'
मी म्हटलं, एस्तेर.
आमच्या गल्लीतली असल्यासारखं म्हटलं.
'फिर से लगाना.'

लावलं.
गाडी काट्यावर, इंजिन बंद.
तो भट्टीच्या उजेडाकडं तोंड करून ऐकायला लागला
आणि पाटीवर आकडा हलायला लागला,
एकेचाळीस तीनशे साठ,
तीनशे सत्तर,
तीनशे साठ.
वारा सुटला की होतं असं.
मी फाटकाजवळच्या लिंबाकडं बघितलं नाही.
पावतीवर कोणता आकडा टाकावा म्हणून बटणावर बोट ठेवून थांबलो,
आणि त्यानंही पावती मागितली नाही
ती श्वास घेईपर्यंत.